पिंजऱ्याच्या दाराचा वाद

विश्राम, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या शेडचं कुलूप उघडलं. आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांत आधी तुझाच संशय घेतला. गेलेल्या माणसाविषयी वाईट मनात आणू नये म्हणतात. पण तू आयुष्यभर ज्याला त्याला संशयाने तपासलंस, मग तुझ्या बाबतीत सूट द्यायला मी काय तुझा व्याही लागतो?

लोकांना वाटतं, तुझा मित्र इनास दुःखात आहे. आहेच. पण या दिवसांत दुःखाला माझ्याकडे बसायला जागाच नव्हती. तू यंत्राच्या पिंजऱ्यात पडलेला सापडलास. दार सताड उघडं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अख्खं जामसंडे गाव म्हणालं, करंट लागून गेला. कोणाचं ऐकावं मला कळेना. करंट लागला असेल तर दोनच गोष्टी होत्या. एक तर पिंजऱ्याच्या दाराला मी बसवलेल्या स्विचने दगा दिला, म्हणजे मी तुला मारलं. नाहीतर तू उरलेली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची काठी न टांगता आत शिरलास, म्हणजे तूच स्वतःला मारलंस. डॉक्टरांचं हृदय मला पटत नव्हतं. अंगावर भाजल्याची खूण नव्हती हे खरं, पण ओल्या हाताला करंट खूण न ठेवताही जातो, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या बायकोने, सुनंदावैनींनी, चिरफाड करू दिली नाही. त्यामुळे कोणाच्याच म्हणण्याला पुरावा उरला नाही.

तेराव्याला तुझे मुंबईचे एक पाहुणे आले होते. जेवण झाल्यावर पडवीत सुपारी कातरत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही दोघं त्या जाळीच्या पिंजऱ्यात नक्की करत काय होता?" मी सांगितलं. खांबावर चढणारा वायरमन रबरी हातमोजे घालतो. ते मोजे वीज अडवतात की नाही हे नुसतं बघून कळत नाही. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी माणूस जातो. म्हणून मोज्यात पाणी भरायचं, तो पाण्याच्या टाकीत सोडायचा, आणि खांबावर असते त्याहून चढी वीज त्याच्यावर सोडायची. फाटायचा तर मोजा इथे फाटू दे, माणसाच्या हातात नको. ती वीज बाहेर कोणाला चावू नये म्हणून पिंजरा. आणि यंत्र खरोखर तेवढी वीज सोडतंय, की त्याचा मीटर नुसत्या थापा मारतोय, हे वर्षातून एकदा ताडून बघायचं. पाहुणे म्हणाले, "म्हणजे परीक्षकाचीच परीक्षा." मी म्हटलं हो, आणि त्यात विश्रामने आजवर कोणाला पहिल्या फटक्यात पास केलं नाही.

ते ताडून बघणं तुझं लाडकं काम. दोन पितळी गोळे समोरासमोर, मधलं अंतर मापाने लावलेलं. वीज हळूहळू चढवत न्यायची. ठरावीक दाबाला ठिणगी एका गोळ्यावरून दुसऱ्यावर उडी घेते, आणि त्या क्षणी मीटर काय म्हणतो ते बघायचं. मीटर कारखान्यात बनतो, पण हवा कोणी बनवलेली नाही, म्हणून हवेवर भरवसा ठेवायचा, असं तू म्हणायचास. आणि लगेच हवेचाही संशय घ्यायचास. ती दमट किती, गरम किती. सुरुवातीच्या ठिणग्या तर तू हिशेबातच धरायचा नाहीस. "पयली ठिणगी पावण्यासारखी रे. बरां बरां बोलतली आणि जातली." रीत तीच आहे, पुस्तकातही तेच लिहिलंय. पण पुस्तकात पाहुण्यांची निंदा नाही, ती तुझी भर.

तुझा हा स्वभाव मला गोव्यापासून ठाऊक होता. ट्रान्सफॉर्मरच्या त्या कारखान्यात आपण एकाच टेबलावर होतो, आणि तू माझ्या डब्यातली सुकी सुंगटंसुद्धा वास घेतल्याशिवाय खात नव्हतास. तू आधी गावी परतलास. पुढे माझी बायको आना गेली आणि मी नोकरी सोडून आरोंद्याला घरात बसून राहिलो. खाडीकडे तोंड करून बसायचं, आणि लोक सांत्वनाला आले की मान हलवायची. एक दिवस तू आलास. आनाबद्दल एक शब्द काढला नाहीस. खुर्ची ओढून म्हणालास, "मशीन हाडलंय. बसवूक माणूस व्हयो. येतंस काय?" मी म्हटलं, माझं मन थाऱ्यावर नाही. तू म्हणालास, "मन कोणाक व्हया? माका तुजे हात व्हये." तेव्हा मला तुझा राग आला होता. आता कळतं की त्या दिवशी तू मला दाराबाहेर काढलंस, आणि कशासाठी काढतोयस त्याचा मला पत्ताही लागू दिला नाहीस.

आणि मग ते यंत्र बसवणं! आंब्याच्या पेट्या ठोकायची जुनी शेड, खाली जांभा, त्यात अर्थिंगचा खड्डा खणायचा म्हणजे घाम. जांभा पाणी धरत नाही. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलं, तरी उन्हाळ्यात रोज त्याला पाणी पाजावं लागायचं. तू ते गायीला पाजल्यासारखं प्रेमाने पाजायचास. यंत्राबरोबर पुण्याहून तपासणीचा दाखला आला होता. मी तो चौकटीत घालून भिंतीवर लावायला निघालो, तर तू हात धरलास. "ह्यो कागद पुण्याच्या हवेत लिवलेलो आसा. हयसरच्या हवेक ह्येची काय वळख?"

त्या हवेने आपल्याला पाणी पाजलंच. पहिल्यांदा गोळे लावले, वीज चढवली, आणि ठिणगी भलत्याच आधी पडली. पुन्हा लावले, पुन्हा तेच. कधी गोळ्यांमध्ये पडायची, कधी गोळा धरणाऱ्या चिनी मातीच्या खांबाच्या अंगावरून सरपटत खाली उतरायची. सुर्र असा आवाज. तू मीटरला शिव्या घातल्यास. मग पुण्याला. मग माझ्या अंतर लावण्याला. मी म्हटलं, तुझ्या अर्थिंगमध्ये खोट आहे. तू म्हणालास, तुझ्या डोळ्यांत खोट आहे. दोघंही दर वेळी नव्याने लावायच्या आधी ते खांब फडक्याने स्वच्छ पुसत होतो. अगदी मन लावून, कारण धूळ असली तर ठिणगी घसरते हे दोघांनाही माहीत. जितकं पुसावं तितकं बिघडत गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

शेवटी वैनी जेवायला हाक मारायला आल्या आणि तुझ्या हातातलं फडकं बघून म्हणाल्या, "ह्यां फडक्या कशाक घेतलास? ह्यां सुकाचा नाय कदी. खाऱ्या वाऱ्यार घालतंय मी." तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. फडकं मचूळ विहिरीच्या पाण्यात धुतलेलं, समुद्राच्या वाऱ्यावर वाळत घातलेलं. आपण दिवसभर त्या खांबांना निष्ठेने मीठ चोळत होतो. साध्या पावसाच्या साठवलेल्या पाण्याने खांब धुतले, कोरडे केले, आणि यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. तू हसलास का? नाही. तू म्हणालास, "म्हणजे फडक्याचीव टेस्ट घेवक व्हयी." आणि खरंच तेव्हापासून त्या कामाचं फडकं वेगळं झालं, झाकणाच्या बरणीत, वैनींनासुद्धा हात लावायची बंदी.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो, जे तू अर्धं टाकून गेलास.

पिंजऱ्याच्या दाराला स्विच हवा, हा माझा हट्ट. दार उघडलं की यंत्राची वीज आपोआप तुटली पाहिजे. तुला तो स्विच पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. तुझा भरवसा काठीवर. लांब फायबरची काठी, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला उघडी तार, तार सरळ जमिनीत. यंत्र बंद केलं तरी त्याच्या पोटात वीज उरते. म्हणून आत शिरण्याआधी दारातूनच काठी लांबवायची, आकडा गोळ्यावर टांगायचा, उरलीसुरली वीज जमिनीत जाऊ द्यायची, आणि काम होईपर्यंत काठी तशीच टांगलेली ठेवायची. काम संपलं की काठी परत खुंटीवर. काठी खुंटीवर दिसली नाही तर यंत्राचं बटण दाबायचं नाही. हा तुझा कायदा, आणि तो तू शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, चहा घेऊन येणाऱ्या वैनींनासुद्धा, ओरडून ओरडून शिकवला होतास.

"स्विच म्हणजे पेटीतलां भूत," तू म्हणायचास. "आत काय चलता तां दिसता तुका? काठी माज्या डोळ्यांसमोर टांगलेली आसता."

"माणूस विसरता," मी म्हणायचो. "स्विच विसरणा नाय."

"माणूस विसरता तां मागसून तेका कळता तरी. स्विच बिघाडता तां कोणाक कळता?"

"तुका काठी टांगूची आठवण रवली नाय तर?"

"तर मी विश्राम नाय."

शेवटी दोन्ही ठेवलं. तू मला चारचौघांत 'स्विचवालो' म्हणायला लागलास, मी तुला काठीवाले बाबा. पावसाळ्यात तो स्विच दमट होऊन उगाचच वीज तोडायचा, भर कामात यंत्र बंद पडायचं, आणि तू दात ओठ खात म्हणायचास, "एक दिवस ह्येका सुतळेन बांदून टाकतंय." मी म्हणायचो, बांधून तर बघ, मग दार उघडलं तरी वीज चालूच राहील. तू बांधला नाहीस. म्हणजे माझ्यासमोर तरी नाही.

तू गेलास त्या दिवशी मी आरोंद्याला होतो, चर्चच्या फेस्ताला. वर्षाची तपासणी जवळ आली होती. मी येईपर्यंत थांब, असं मी म्हटलं होतं, आणि तू हो म्हणाला होतास. तुझ्या हो म्हणण्यावर मी विश्वास ठेवला. तू एकट्यानेच गोळे लावायला घेतलेस. वैनी चहा घेऊन आल्या तर तू पिंजऱ्यात आडवा. तू शिकवलं होतंस तसा त्यांनी आधी भिंतीवरचा मोठा स्विच खाली ओढला, आणि मग हाका मारल्या. लोक धावले. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तू घरात, फुलांखाली होतास. शेडमध्ये जाऊन बघितलं. मोठा स्विच बंद, पण तो वैनींनी बंद केलेला. दार उघडं. आणि काठी खुंटीवर.

काठी खुंटीवर, विश्राम. म्हणजे तू ती टांगली नव्हतीस.

तेव्हापासून मी माणसांकडे तुझ्या नजरेने बघायला लागलो. हातमोज्यांचा कंत्राटदार समाचाराला आला, फोटोला हात जोडले, आणि दारातच मला बाजूला घेऊन ऑफिसच्या आवाजात म्हणाला, "वाईट झालं. पण साहेब, मशीन सुरक्षित आहे ना? आमचे मोजे आतच अडकलेत." कुडाळकडचा आपल्याच धंद्यातला एक गृहस्थ आला. तो फोटोपेक्षा शेडकडे जास्त वेळ बघत होता. "कावळो बसाक आणि फांदी मोडाक गाठ पडली," असं कोणीतरी म्हणालं, तर मला वाटलं, हा मला वाचवायला म्हणतोय. म्हणजे यालाही माझाच संशय आहे. आणि वैनी! त्या माझ्या डोळ्यांकडे बघेनात. तेराव्याच्या पंगतीत त्यांनी माझ्या पानावर वाढलं, पण आग्रह केला नाही. आपल्याकडे आग्रह न करता वाढणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. मी अर्धवट जेवून उठलो.

तर काल कुलूप उघडलं ते या मनाने. आधी टेस्टर घेतला. तो घरच्या चालू दिव्याच्या वायरीवर लावून बघितला. जिथे वीज आहे तिथे तो वीज आहे म्हणतो का ते आधी बघायचं, मगच जिथे नाही तिथलं त्याचं म्हणणं ऐकायचं. ही तुझी शिकवण. मग मोठा स्विच चालू करून दाराचा स्विच तपासला. दार उघडलं, वीज तुटली. लावलं, आली. उघडलं, तुटली. दार सावकाश ओढून बघितलं, झटक्याने ओढलं, वर उचलून धरून ओढलं. स्विचचं झाकण काढलं, आत गंज नाही, पाणी नाही. कंटाळा येईपर्यंत हेच केलं. एकदाही चुकला नाही.

मला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. अजिबात नाही. आज नीट चालतोय म्हणून त्या दिवशी चालला होता, याची हमी कोण देणार? आणि तेवढ्यात मला दाराच्या चौकटीत, स्विचच्या अगदी शेजारी, एक खिळा दिसला. खिळ्याला सुंभाचा तुकडा बांधलेला. मी तो खिळा ठोकला नव्हता. मी आरोंद्याला जायच्या आधी तो तिथे नव्हता, याची मला खात्री होती.

विश्राम, त्या क्षणी मी तुला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिकाम्या शेडमध्ये मी मोठमोठ्याने ओरडत होतो. बांधलास ना? माझी पाठ वळली आणि स्विच बांधलास! काठीवाला म्हणून मिरवलास आणि काठीही टांगली नाहीस! मला वाटत होतं मी तुला मारलं, आणि तू इथे स्वतःच सुतळी बांधून बसला होतास. आणि खरं सांगतो, त्या रागात मला बरं वाटत होतं. दोष तुझा निघाला होता.

माझा आवाज ऐकून वैनी आल्या. हातात चहाचा कप. शेडच्या दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत.

"कोणावांगडा भांडतास?"

"विश्रामावांगडा. आणि कोणावांगडा?" मी सुंभ दाखवला. "ह्यां बांदलेला तेणी? स्विच दाबून धरूक?"

वैनींना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "तां दाराचा. वाऱ्यान दार आपटी होता, म्हणान उघडा रवाक बांदलेल्यानी. तुमच्या स्विचाक कोण हात लावता?"

मी सुंभ ओढून बघितला. खरंच स्विचपर्यंत पोचत नव्हता, आखूड होता. दाराच्या कडीपर्यंत मात्र बरोबर जात होता. पण माझा संशय एवढ्यावर थोडाच जाणार?

"बरां," मी म्हटलं. "पण काठी? काठी तेणी टांगूकच नाय. मी इलंय तेवा ती खुंटयेरच होती."

"खुंटयेर मी ठेवलंय ती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुमी?"

"मगे कोण? ती त्या गोळ्यार टांगलेली, आणि तार ह्येंच्या तोंडार इलेली. मी आत जावन काठी काढलंय आणि जाग्यार ठेवलंय. जाग्यार नाय ठेवली तर बोंबलतत ना ते." त्या थांबल्या. "म्हणजे, बोंबलत."

विश्राम, तू जमिनीवर पडला होतास, श्वास नव्हता, आणि त्या बाईने हाका मारता मारता तुझी काठी खुंटीवर नेऊन ठेवली. कारण तू रागावशील! तू आरडाओरडा करून शिकवलेला कायदा तिने असा पाळला, आणि तुझ्या बाजूचा एकुलता एक पुरावा जागच्या जागी लावून टाकला.

तरी मी सोडलं नाही. मी तुझाच चेला. विचारलं, कुठल्या गोळ्यावर होती? नुसती टेकवलेली होती की टांगलेली? आकडा कुठल्या बाजूला होता? वैनी चिडल्या. "तुमी माका पोलिसासारके कित्याक इचारतास?" मी म्हटलं, एकदा दाखवा. त्यांनी कप खाली ठेवला आणि आत आल्या. खुंटीवरून काठी काढली, पिंजऱ्यात शिरल्या आणि आकडा डावीकडच्या गोळ्याच्या दांडीत घातला. मग मनगट आतल्या बाजूला वळवून काठीला पीळ दिला, आकडा भिंतीच्या अंगाला फिरला, आणि काठी न धरता तशीच राहिली. "ही अशी. माका काढूक येयना, पीळ सोडूचो लागलो."

तो पीळ तुझा होता. तसं कोणी टांगत नाही. मी सरळ टांगतो, आणि तू दर वेळी येऊन माझी काठी वळवायचास, कारण सरळ टांगलेली घसरते. वैनी त्याआधी कधी पिंजऱ्यात गेलेल्या नव्हत्या. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली असणं शक्य नव्हतं, आणि त्यांना ती खोटी रचता येणंही शक्य नव्हतं. काठी टांगलेल्या गोळ्याला तू चाटून बघितलं असतंस तरी तुला काही झालं नसतं. तू दार उघडलंस, वीज तुटली; काठी टांगलीस, पीळ दिलास; मग आत गेलास, सगळं रीतीने. आणि तिथे तुझं हृदय थांबलं. ते शेतात थांबलं असतं, बाजारात थांबलं असतं, जेवताना थांबलं असतं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. वैनींना सांगितलं, सावकाश, दोनदा, की याचा अर्थ काय होतो ते. काठी टांगलेली असली की करंट लागू शकत नाही, कोणाचाही स्विच बिघडलेला असो वा नसो. त्यांनी ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "खरां सांगू? माका वाटलेला, तुमच्या त्या दारान केल्यान. सगळे तसाच बोलत होते. तुमका जेवक वाढताना माजो हात उचलत नाय होतो." मी म्हटलं, "माका म्हायत होता." मग मीही सांगितलं, की मी आत्तापर्यंत विश्रामला शिव्या घालत होतो. त्या म्हणाल्या, "आयकलंय."

तुला हे ऐकून मौज वाटली असती. आम्ही दोघं इतके दिवस एका घरात, एका पंगतीत, एकमेकांना पाण्यात पाहत होतो, आणि ज्या एका गोष्टीने सगळं मिटलं असतं ती वैनींना सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. त्यांना ते घरातलं आवरणं वाटलं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी स्विच तपासला, टेस्टर तपासला, तुझी नियत तपासली, आणि त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांत आधी पोचलेल्या माणसाला साधं विचारलं नाही, की वैनी, तुम्ही काय बघितलंत.

भांडण तर राहिलंच, विश्राम. स्विच की काठी? मला वाटलं होतं तुझ्या मरणाने निकाल लागेल, निदान एक जण तरी खोटा पडेल. दोन्हींनी आपापलं काम चोख केलं. माझा स्विच बरोबर होता, तुझी काठी बरोबर होती, यंत्र बरोबर होतं. कंत्राटदाराला मी आता सांगू शकतो, मोजे पाठव. सगळं ठीक आहे असं एवढ्या खात्रीने मी आजवर कुठल्याच तपासणीनंतर म्हटलं नव्हतं.

चहा निवून गेला होता. वैनी उठल्या, दुसरा आणते म्हणाल्या, आणि दारात जाऊन पुन्हा थांबल्या. माझ्याकडे पाठ होती.

"मगे भावजी," त्या म्हणाल्या, "ह्येंका कोणीच मारूक नाय?"

कोणाचं तरी नाव सापडतं का, हे मी त्या वेळीही शोधत होतो.

"नाय वैनी," मी म्हटलं. "तो गेलो."

आणि मग मी रडलो, विश्राम. तुला जाऊन इतके दिवस झाल्यावर, पहिल्यांदा.